या देवाला बॅटरीचं पाणी लागतं

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की मी "दगड धुते" असं सांगायचे. समोरचा माणूस आधी हसायचा, मग माझा चेहरा बघून थांबायचा आणि आमच्या ह्यांच्याकडे वळून "वहिनी गमतीदार आहेत हं" म्हणायचा. हे वाळूजच्या कंपनीत कामाला. शिफ्टची बस चुकेल या धास्तीत कायम, त्यामुळे खुलासा करत बसायचे नाहीत. सासूबाईंनी तर नातेवाइकांत परस्पर जाहीर करून टाकलं होतं की सून लॅबमध्ये आहे. त्याचा परिणाम असा की लग्नाकार्यात बायका मला कोपऱ्यात घेऊन साखरेचे रिपोर्ट दाखवायच्या. मीही दोन-चार वेळा बघून "गोड कमी करा" असं सांगितलं. कुणाचं काही वाईट झालं नाही.

पण मी खरोखरच दगड धुवायचे. दिल्ली गेटच्या अलीकडे रशीदभाईंचं गोदाम होतं, तिथे. बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन घरी बसलेल्या बाईला जी नोकरी मिळते ती मिळाली, आणि मग सुटली नाही. का सुटली नाही हे सांगायला आधी धंदा सांगायला हवा.

आपला सगळा मुलूख लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे, हे शाळेत शिकवतात आणि आपण विसरतो. तो लाव्हा गार होताना त्यात बुडबुडे अडकले, ढोकळ्याला जाळी पडते तसे. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांमधून पाणी झिरपत राहिलं आणि आत अंधारात स्फटिक वाढत गेले. कुणी बघायला नाही, कुणी वा म्हणायला नाही, तरी इतके रेखीव की आपल्या सुताराला दाखवून काटकोन म्हणजे काय ते समजावून सांगावं. कुठे विहीर खोदताना, कुठे खडीच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर अशी पोकळी उघडी पडते. पूर्वी त्यातले चकचकीत खडे पोरं खेळायला न्यायची आणि बाकीचं सगळं रस्त्याच्या खडीत जायचं. आपल्या कितीतरी रस्त्यांखाली असा ऐवज गाडलेला आहे. वर खड्डेच दिसतात, तो भाग वेगळा.

जगात असे दगड जमवणारे लोक आहेत. दागिन्यासाठी नाही, औषधासाठी नाही, नुसते बघायला. रशीदभाई त्यांना दगड पुरवायचे. माल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पोत्यात, चिखलासकट यायचा. तो सोडवायचा, धुवायचा, त्यात चिखल कुठला आणि स्फटिक कुठला ते ओळखायचं, खालचा नको तेवढा कातळ छाटायचा आणि परत असा बांधायचा की विमानातून आपटत गेला तरी टोक मोडू नये, हे माझं काम. माझ्या टेबलावर दात घासायचे ब्रश, इंजेक्शनच्या पिचकाऱ्या, दाताच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना दिलेले दात कोरायचे आकडे आणि मेकअपचे ब्रश असायचे. तेवढे ब्रश मी स्वतःच्या तोंडाला उभ्या जन्मात लावले नाहीत.

नियम दोनच. दगड उचलायचा तर खालून, दोन्ही तळव्यांवर, तान्ह्या लेकराला उचलतो तसा. आणि स्फटिक तुटला तर तुटला, चिकटवायचा नाही. चिकटवलाच तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं. एक परदेशी पाहुणा तर खिशात जांभळ्या उजेडाची बॅटरी घेऊन फिरायचा, त्या उजेडात गोंद चमकतो. तो प्रत्येक दगडाला चाटूनही बघायचा. का ते मी विचारलं नाही. त्याला चहाबरोबर बिस्किटं दिली की बिस्किटं तशीच राहायची.

रशीदभाईंचा स्वभाव धंद्याला अगदी नालायक. दगड विकायचा म्हणजे मुलीला स्थळ बघायचं. कुठे ठेवणार, ऊन येतं का, घरात लहान पोरं किती. उत्तर पटलं नाही तर "माल बिक गया" म्हणून मोकळे. एकदा मी त्यांना गळ घातली म्हणून त्यांनी एका बिल्डरच्या बायकोला ओकेनाइट दिला. या दगडाच्या पोकळीत पांढरे मऊ गोळे असतात, थेट म्हातारीचा कापूस. हात लावावासा वाटतो आणि नेमकं तेवढंच करायचं नसतं, कारण ते केस एकदा चिकटून बसले की पुन्हा उभे राहत नाहीत. बाईंना वास्तुवाल्याने सांगितलं होतं की ईशान्येला पांढरं काहीतरी ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या कामवालीने तो भांड्यांच्या साबणाने स्वच्छ घासला आणि बाईंनी तो केस वाळवायच्या मशीनने वाळवला. मग फोन आला, गोळे बसलेत, वॉरंटी आहे का? रशीदभाईंनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "भाभी, इनकू बोलो, साडेछे करोड साल की वॉरंटी थी. कल खतम हुई."

मी बाईंना "बघून सांगते" म्हणाले. नोकरी मला करायची होती.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या अंकासाठी लिहा म्हटल्यावर पहिल्यांदा आठवल्या त्या गयाबाई. अजिंठ्याच्या अलीकडे त्यांचं गाव आहे. नाव सांगणार नाही, कारण हा अंक वाचून तिकडे गाड्या वळवणारे चार तरी महाभाग मला नावानिशी माहीत आहेत.

झालं असं की रशीदभाईंच्या मोबाइलवर एक फोटो आला. खाली लिहिलेलं, 'हिरीत निघाला. किती येतील.' फोटो मोठा करून बघितला आणि मला घाम फुटला. जेवायच्या ताटाएवढी शिळा, तिच्यावर पिकल्या पीचच्या रंगाचा स्टिलबाइट, बारक्या बारक्या पेंढ्या बांधून ठेवल्यासारखा. आणि त्यातून वर आलेला अपोफिलाइट, कोवळ्या काकडीच्या गाभ्यासारखा पोपटी, आरपार दिसणारा, एकेक टोक शाबूत. एकही ओरखडा नाही. असा नग आमच्या धंद्यात बहुतेकांच्या हयातीत येत नाही. माझ्या तर नाहीच आला होता.

फोटो पाठवणारा संतोष. शेती घरची आणि नोकरी शेंद्र्याच्या कंपनीत. रशीदभाईंनी लगेच फोन लावला. बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. फोन ठेवून त्यांनी दाढी खाजवली.

"उसकी अम्मा ने देवघर में रख दिया बोलता," ते म्हणाले. "भाभी, मेरेकु इसमें नक्को फसाओ. तुम जाव. देखके आव. पत्थर है तो लेके आव, देव है तो सलाम करके आव."

"ते मी कसं ठरवू?"

"तुम बम्मन लोगां हो, तुमकू मालूम रहता. और झूठ नक्को बोलना. देव के मामले में झूठ बोलके लाया हुआ माल मेरेकु हजम नहीं होता."

गेले. फाट्यावर संतोष मोटरसायकल घेऊन उभा होता. साधा, हसरा, तिशीतला मुलगा. वाटेतच त्याने सांगून टाकलं की दगड गेला की बुलेट घ्यायची, काळी. घर पुढे स्लॅबचं, मागे पत्र्याचं. मागच्या खोलीत चुलीच्या समोरच्या कोपऱ्यात पाटावर तो ठेवला होता.

मी बघितलं. अर्ध्या स्फटिकांवर हळदीकुंकवाचा चिखल. स्टिलबाइटच्या फटींत दूध मुरून आंबलेलं. निरांजन इतकं जवळ की ज्योत जवळजवळ त्याला चाटत होती. अपोफिलाइटच्या पोटात पाणी असतं. तापवला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि तो चुन्यासारखा पांढरा पडतो. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं आणि मी बसून चहा घेत होते.

गयाबाई सत्तरीच्या पुढच्या, नऊवारी लुगडं, बारीक चण, आवाज मात्र खणखणीत.

"या बाई. देवाला बगाया आलात जनू?"

"आई, त्या दुकानातनं आल्यात," संतोष म्हणाला. "दगड बगायला."

"दगड म्हनू नगंस मेल्या. देव हाय त्यो."

"अगं, पर दगडच हाय ना?"

"तुजा बाप बी दगडच व्हता. मी जलमभर धनी म्हनलंच का नाय?"

मग गयाबाईंनी कोनाड्यातून एक डबा काढला आणि मला दाखवला. शेंदूर. शेजारी तेलाची बाटली. शनिवारी थापायचा, गावातल्या भगताने सांगितलं होतं.

तेलात कालवलेला शेंदूर त्या पेंढ्यांत एकदा शिरला असता तर जगातल्या कुठल्याही ब्रशने निघाला नसता. देव असो की दगड, शनिवारी तो मेला असता. खोटं बोलायचं नाही असं बजावून पाठवलेलं. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मावशी, याला शेंदूर चालत नाही."

"आँ? कामून?"

"याला तेल सोसत नाही. दूध नाही, दही तर नाहीच नाही. कुंकू नाही. दिवा लावा, पण हातभर लांब. ऊन नको. फुलं समोर ठेवायची, अंगावर नाही. आणि नारळ फोडायचा तर बाहेर अंगणात, इथे हादरा नको."

यातला शब्द न् शब्द खरा होता. आमच्या गोदामाच्या भिंतीवर हेच लिहिलेलं होतं, फक्त नारळ सोडून.

गयाबाईंनी डोळे बारीक केले. "मंग पूजा कशानं करावं?"

"पाण्याने. पाण्यातून आलाय, त्याला पाणीच लागतं. पण बोअरचं नाही, त्यात क्षार असतात, पांढरे डाग पडतात. बॅटरीत घालायचं पाणी."

गयाबाईंनी संतोषकडे बघितलं. संतोष उठला, ट्रॅक्टरपाशी गेला आणि निम्मा भरलेला कॅन घेऊन आला.

माझे वडील याज्ञिकी करायचे. लहानपणी मी त्यांच्या पिशव्या उचलत पूजेला जायचे, त्यामुळे हात कसा फिरवायचा, मध्येच डोळे कसे मिटायचे हे मला चांगलं ठाऊक. मंत्रही दोन-चार येतात, पण दगडासमोर ते म्हणणं म्हणजे खोटं झालं असतं. मी खरीच नावं घेतली. पिचकारीने पाणी सोडत, मेकअपच्या ब्रशने कुंकू सोडवत, वडिलांच्या चालीत, "स्टिलबाइट, हिऊलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, थॉमसोनाइट." पाच-सहा आवर्तनं झाली. थॉमसोनाइटला मी आवाज चढवायचे, तिथे छान सम यायची. संतोषने टोपी काढली. ब्राह्मणाच्या घरात जन्मल्याचा मला आयुष्यात तेवढाच उपयोग झाला.

हळद निघाली, आंबूस वास गेला आणि दारातून येणाऱ्या उजेडात तो पोपटी रंग पुन्हा पेटला. गयाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मग त्यांनी पाट पुसायला तो उचलला. खालून, दोन्ही तळव्यांवर. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. संतोषने मघाशी मला दाखवायला तो स्फटिकांना धरूनच उचलू बघितला होता. म्हणून निघताना मी आणखी एक नियम घालून दिला, की घरातल्या मोठ्या बाईशिवाय याला कुणी हात लावायचा नाही.

परत आले. रशीदभाईंनी विचारलं, "पत्थर है के देव?"

"अजून कळलं नाही," मी म्हणाले. ते अगदी खरं होतं.

मग दर महिन्याला मी देवाला आंघोळ घालायला जायला लागले. मनात हेतू साधा होता. म्हातारीचं मन हळूहळू वळवायचं, तोवर नग जपायचा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आपल्याकडे देव जितका मवाळ, तितकं त्याच्याकडे दुर्लक्ष. कडक देव म्हटलं की लोक रांग लावतात. दूध नको, तेल नको, हात लावायचा नाही, असा देव पंचक्रोशीत कुणी बघितला नव्हता. कुणाच्या मुलीला शेंद्र्याला नोकरी लागली, कुणाची म्हैस सापडली, आणि देवाचं नाव झालं. दर्शनाला येणारे हातात बॅटरीच्या पाण्याची बाटली घेऊन यायचे. तालुक्याचा बॅटरीवाला बुचकळ्यात पडला की या गावात गाड्या किती झाल्या.

गयाबाईंनी माझ्या नियमांत स्वतःची भर घातली. तंबाखू खाणाऱ्याने उंबऱ्याबाहेर. मोबाइलवर फोटो काढला तर देव कोपतो. गडी माणसांनी बाहेरूनच हात जोडायचे. त्यामुळे संतोषला स्वतःच्या घरात मागच्या खोलीत जायची चोरी झाली. "काकू, तुम्ही दगड न्यायला आला व्हता का बसवायला?" असं तो मला फाट्यावर सोडताना विचारायचा. मी हेल्मेट असल्यामुळे ऐकू न आल्याचं दाखवायचे.

तिकडे रशीदभाईंचा धीर सुटत चालला होता. चाटून बघणारा पाहुणा आला, त्याने फोटो बघितला आणि खुर्चीतून उठूनच उभा राहिला. दगड मिळेपर्यंत परत जाणार नाही म्हणाला आणि हॉटेलात मुक्काम ठोकून बसला. रोज सकाळी गोदामात हजर. रशीदभाई मला विचारायचे, "पत्थर है के देव?" मी म्हणायचे, "अजून कळलं नाही." ते म्हणायचे, "कब मालूम होगा भाभी? कयामत कू?"

अशात संतोषचा फोन आला. आई सकाळी भाच्याच्या लग्नाला सिल्लोडला गेली, संध्याकाळपर्यंत येत नाही. एक दुसरा व्यापारी जीप घेऊन दुपारी येतोय, त्याला देवबिव काही नाही, उचलून नेणार म्हणतो. "पर काकू, तुम्ही एवढं केलंया त्याचं. तुम्ही आदी आलात तर तुमाला देतो."

तो दुसरा व्यापारी मला ठाऊक होता. तुटलेली टोकं चिकटवणारा आणि दगड गोणीत भरून नेणारा. मी रशीदभाईंना नुसतं "जाते" म्हणाले, कापूस, टिश्यू, खोका घेतला आणि गाडी करून निघाले. वाटेतच मी खोक्यात कापूस अंथरला. खरं सांगायचं तर आनंदाने. तो माझ्या टेबलावर येणार होता. मी त्याला माझ्या उजेडात, माझ्या ब्रशांनी, सावकाश धुणार होते. म्हातारीचं काय, हा विचार मी फुलंब्री येईपर्यंत टाळला आणि पुढेही टाळलाच.

घरापाशी उतरले तर संतोष अंगणात खाली मान घालून उभा. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात गयाबाई बसलेल्या. अंगावर लग्नाला जायचं ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ. पोराचा संशय येऊन त्यांनी अर्ध्या रस्त्यात एसटी थांबवली होती आणि उतरून मागे आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला खोका बघितला. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"बरं झालं काकू आलात," संतोष म्हणाला. तो चिडलेला नव्हता, कंटाळलेला होता. "आता तुम्हीच सांगा एकदाचं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला त्यातलं कळतं. दगड हाय का देव? तुम्ही म्हनाल तसं. आई, तुला बी कबूल ना?"

गयाबाईंनी मान हलवली. "त्या सांगत्याल ते खरं. पर आदी बाईंला आत येऊ दे. तू थांब भाईर."

मी आत गेले. त्यांनी दार लोटलं आणि पाटासमोर बसल्या. मी शेजारी बसले. दगड झळझळत होता. मी घालून दिलेला एकही नियम मोडलेला नव्हता. आमच्या गोदामात राहिला असता त्यापेक्षा तो चांगला राहिला होता.

"मावशी," मी म्हणाले, "खरं सांगा. तुमच्या स्वप्नात वगैरे काही आलं होतं का?"

"कशाचं सपन," त्या म्हणाल्या. "दगड हाय ते मला कळत नाय व्हय? डोळं फुटलेत का माजे?"

मी पाटावरून नजर काढून त्यांच्याकडे वळले.

"हिरीतनं वर आला तवा गडी मानसं गोळा झाली. किती येत्याल, कुनाला इकावा, तितंच सुरू. मी वाकून बगितला. बाई, असं देखनं काई माज्या उभ्या जलमात या घरात आलं नव्हतं. मला वाटलं, ह्यो आपल्याला ऱ्हावा. निस्ता बगायला. आता मी म्हनले असते का, की ह्यो मला आवडलाय, इकू नगा, तर कुनी ऐकलं असतं? हसले असते. म्हातारीला खेळायला दगड पायजे म्हनून." त्यांनी पदराने नाक पुसलं. "माजं म्हनलं तर ऱ्हात नाय बाई. देवाचं म्हनलं तर ऱ्हातं."

"आणि शेंदूर?"

"शेंदूर मी लावनारच नव्हते. डबा आपला दाखवायला. तुम्ही नगं म्हनालात तवा माज्या जिवात जीव आला. म्हनलं, ही बाई आपल्यातली हाय."

मला हसू आलं आणि रडूही. गावभर भक्त मिळवलेला देव, त्याच्यासमोर बसलेल्या आम्ही दोन पाखंडी बाया. एक न्यायला आलेली, एक लपवणारी, आणि दोघींनी मिळून अख्ख्या तालुक्याला बॅटरीचं पाणी वाहायला लावलेलं.

"ह्याचं नाव काय वो खरं?" त्यांनी हळूच विचारलं.

"अपोफिलाइट."

त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मग मान हलवली. "लई वंगाळ नाव हाय. देवच म्हनू."

मी बाहेर आले. संतोष, आणि त्याच्या मागे तोवर जमलेली चार माणसं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कोपऱ्यावर जीप येऊन थांबलेली दिसत होती. आयुष्यभर मी कुठल्या गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं, तुटलेलं टोक लपवलं नव्हतं.

"देव आहे," मी म्हणाले. "आणि साधासुधा नाही, फार कडक आहे. हलवलात तर सोसणार नाही."

जीपवाला दोन मिनिटं घासाघीस करायला आला, पण त्या चार माणसांनी त्याला बोलूच दिलं नाही. संतोषने डोकं खाजवलं, मोठा सुस्कारा टाकला आणि "गेली बुलेट" म्हणाला. मग आत जाऊन त्याने मला पाणी आणून दिलं. चांगला मुलगा आहे. पुढे त्याने हप्त्यावर बुलेट घेतली, काळीच, आणि पहिल्या दिवशी दर्शनाला दारापर्यंत आणली. गयाबाईंनी ती उंबऱ्याबाहेर थांबवली.

त्या दिवशी गाडीपाशी सोडायला गयाबाई स्वतः आल्या. मी खोका रिकामाच मागच्या सीटवर ठेवला.

"बाई, तुम्ही रोज असलेच दगड धुता म्हना की."

"हो. रोज."

"मंग तुमच्या घरी कंचा हाय?"

घरी एकही नव्हता. इतकी वर्षं इतके स्फटिक माझ्या हाताखालून गेले, कुठल्या कुठल्या देशांत काचेच्या कपाटांत जाऊन बसले, खाली चिठ्ठ्या लागल्या, आणि मला कधी सुचलंच नाही की यातला एक आपल्याला हवाय असं म्हणता येतं. दुसऱ्याच्या मालाला जपायचं, गुंडाळून पाठवायचं, इतकंच अंगवळणी पडलेलं. मी म्हणाले, "एकही नाही."

"आगं बया," त्या म्हणाल्या. माझ्या दंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

गोदामात पाहुणा आणि रशीदभाई दोघेही दाराशी उभे. रशीदभाईंनी रिकामा खोका बघितला, मग माझ्याकडे. "पत्थर है के देव?"

"देव."

रशीदभाईंना खोटं ओळखता येत नाही असं नाही, जन्म बाजारात गेला त्यांचा. "सलाम किये?"

"केला."

"बस फिर," ते म्हणाले आणि पाहुण्याला समजावायला आत घेऊन गेले. ते समजावणं बराच वेळ चाललं होतं, मधूनमधून दोघांचाही आवाज चढत होता.

मी माझ्या टेबलापाशी गेले. मालाच्या फळीवर आदल्या आठवड्यात धुतलेला एक छोटा नग होता, मुठीएवढा, पांढऱ्या स्कोलेसाइटच्या सुया आणि मध्ये एकच पोपटी स्फटिक. मला तो आल्या दिवसापासून आवडला होता. रशीदभाई बाहेर आले तेव्हा मी तो हातात घेऊन म्हणाले, "हा मी घरी नेणार. मला हवाय." त्यांनी तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला आणि सवयीने विचारलं, "रखोगे कहां? धूप आती क्या?" मी म्हणाले, नाही येत. त्यांनी स्वतः तो कापसात बांधून दिला.

घरी हॉलमधल्या शोकेसमध्ये ह्यांच्या कंपनीने दिलेली घड्याळं आणि चषक होते. ते सगळे मी खालच्या कप्प्यात ढकलले आणि वरच्या कप्प्यात तो एकटा ठेवला. दुसरी शिफ्ट करून हे आले, बूट काढता काढता त्यांचं लक्ष गेलं, आणि हे काय नवीन म्हणून त्यांनी उचलायला हात पुढे केला. वरून, स्फटिकाला धरून.

"हात लावू नका," मी स्वयंपाकघरातून ओरडले. "देव आहे."

ते तसेच, एका पायात बूट, मागे सरकले आणि त्यांनी हात जोडले.